निरोपाचा बिल्ला

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेलं भाषण)



गणपतीच्या मांडवात कुत्र्यावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, खंडोबाबरोबरही कुत्रा असतो. ते कुठल्या जातीचे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आपल्या घरच्या कुत्र्याबद्दल मात्र पहिला प्रश्न तोच. 'लॅब का?' 'नाही हो, मिक्स आहे,' असं आपण जरा खालच्या आवाजात सांगतो. आई लॅब्रॅडॉर, बाप गल्लीतला. शेजारच्या गोंयकार मावशी त्याला नुसतं 'सुणें' म्हणतात, आणि विषय संपतो.

या 'मिक्स'ची एक गोष्ट ऐका. हवाईतल्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. म्हणून १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. पिल्लं गुणी होती, पण संकरित म्हणून ती सांभाळायला कुणी घेईना. मग त्यांना 'लॅब्राडूडल' असं भारदस्त नाव दिलं, आणि झुंबड उडाली! पिल्लं तीच, नाव तेवढं नवं. पुढे या हौसेपायी कशीही पैदास होऊ लागली, तेव्हा खुद्द कॉनरन यांनीच खंत व्यक्त केली.

तात्पर्य, जात विचारण्यापेक्षा लस विचारा. गोव्यात २०१४ पासून 'मिशन रेबीज'चं काम चालू आहे, पण घरच्या कुत्र्याची लस चुकवू नये ही जबाबदारी आपली. आणि चवथीच्या दिवसांत पंचखाद्यातले बेदाणे, मनुका त्याला लाडाने भरवू नका. त्याने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

आता भेटवस्तूंकडे येतो. हल्ली कुत्रा असलेल्या घरी वाढदिवसाला कुत्र्याचं चित्र असलेला कप, उशी, कॅलेंडर देतात. दुकानातल्या तयार कपांवर पग असतो, जर्मन शेफर्ड असतो. आपला एक कान उभा, एक पडलेला, असा गडी तिथे कुठून असणार? त्याचा फोटोच द्यावा लागतो. म्हणूनच ती भेट जास्त गोड लागते.

पण नाव घातलेली भेट आपल्याला नवी नाही. आहेराच्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत आपलीच. भांड्यांवर नावं घालणारा तोच कारागीर पितळेच्या चकतीवर कुत्र्याचं नाव आणि मालकाचा फोन नंबर सहज घालून देईल. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून कुत्रे पळतात, वाट चुकतात. कपावरचा फोटो त्यांना घरी आणत नाही. गळ्यातला बिल्ला आणू शकतो.

शेवटचा मुद्दा. वास्को हे बदल्यांचं गाव. नौदल, बंदर, शिपयार्ड, रेल्वे... दरवर्षी काही घरं सामान बांधतात. जातिवंत कुत्रा सोबत जातो. मिक्स असेल तर 'इथलाच आहे, राहील कुठेतरी' असं म्हटलं जातं. पण पाच वर्षं सोफ्याखाली झोपलेला कुत्रा गल्लीतला नसतो. गल्लीतले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत, आणि तो बंद दारासमोर बसून राहतो.

नेणं अशक्य नाही. रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा वातानुकूलित कूपे घेतला तर कुत्रा सोबत नेता येतो. ते परवडत नसेल तर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून नेता येतो. लसीचे कागद तयार ठेवावेत आणि स्टेशनवर आधी चौकशी करावी, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

बदली झालेल्या सभासदाला आपण शाल-श्रीफळ देऊन निरोप देतो. माझी मंडळाला एक विनंती आहे. त्या घरी कुत्रा असेल तर श्रीफळासोबत एक पितळी बिल्लाही द्यावा. एका बाजूला त्याचं नाव आणि फोन नंबर, दुसऱ्या बाजूला नव्या गावाचा पत्ता. पत्ता कोरून हातात दिल्यावर कुत्र्याला मागे ठेवणं जड जाईल.

गणपती बाप्पा मोरया!