टँटॅलम कशात विरघळते?

टँटॅलमची संयुगे आणि पाणी हा विषय मी या अधिवेशनातल्या अध्यक्षीय भाषणासाठी मुद्दाम निवडला. आपल्या तक्त्यांत टँटॅलम पेंटॉक्साइडपुढे ‘पाण्यात अविद्राव्य’ एवढीच नोंद असते. ती खरी आहे, पण तिथेच थांबलो तर या मूलद्रव्याचे बरेचसे रसायनशास्त्र आपल्या हातून निसटते.

1802 मध्ये स्वीडनच्या एकेबर्ग यांनी हे मूलद्रव्य शोधले. आदल्याच वर्षी लंडनला हॅचेट यांना कोलंबियम, म्हणजे आजचे नायोबियम, सापडले होते. 1809 मध्ये वुलस्टन यांनी दोन्ही एकच असल्याचा निर्वाळा दिला. दोघांच्या खनिजांच्या घनतांत ठळक फरक होता, तरीही! 1844 मध्ये हाइनरिख रोझ यांनी ती वेगळी असल्याचे दाखवले खरे, पण पेलोपियम हे आणखी एक मूलद्रव्य जाहीर केले. पुढे इतरांनी इल्मेनियम आणि डायनियम यांची भर घातली. यांतले एकही अस्तित्वात नव्हते. इतके निष्णात विश्लेषक चकले, कारण दोघांचे पंचसंयुजी आयन आकाराने जवळजवळ सारखे आणि ऑक्साइडेही सारखीच हट्टी.

हा गुंता जिनिव्हाच्या मारिन्याक यांनी 1866 मध्ये सोडवला, आणि तोही विद्राव्यता मोजून. त्यांच्या या कामाविषयी मला नितांत आदर आहे. थोडे हायड्रोफ्लुओरिक आम्ल असलेल्या पाण्यात पोटॅशियम हेप्टाफ्लुओरोटँटॅलेटचा एक भाग विरघळायला सुमारे दीडशे भाग पाणी लागते. नायोबियमच्या पोटॅशियम ऑक्सिफ्लुओराइडला तेराएक भाग पुरतात. अशा द्रावणात टँटॅलम सात फ्लुओराइड आयन धरून बसते, तर नायोबियम पाच फ्लुओराइडांबरोबर एक ऑक्सिजन राखून ठेवते. क्षारांची रचनाच निराळी झाली, की टँटॅलमचे स्फटिक आधी खाली बसतात आणि नायोबियम द्रावणात राहते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उद्योगानेही याच वाटेने ही जोडी वेगळी केली. नंतर द्रावक-निष्कर्षण आले, तरी कपॅसिटरसाठी टँटॅलमची भुकटी करायला सोडियमने क्षपण केला जातो तो मारिन्याक यांचाच हेप्टाफ्लुओरोटँटॅलेट क्षार.

पण हाच क्षार आम्लाशिवाय नुसत्या पाण्यात उकळून पाहा. जलअपघटन होऊन पांढरे ऑक्सिफ्लुओराइड खाली बसते. पेंटाक्लोराइड तर दमट हवेतच धुमसू लागते आणि पाण्यात पडताच सजल ऑक्साइड होते. हा ताजा अवक्षेप ऑक्झॅलिक आम्लात विरघळतो. तोच भट्टीत तापवला, की दाद देत नाही. वस्तू एकच असली, तरी तिचे पूर्ववृत्त माहीत नसेल तर विद्राव्यतेचा आकडा निरुपयोगी ठरतो.

आता माझ्या काळजीचा मुद्दा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खाते, त्वचेतून आत शिरते आणि शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालते. ते हाताळणारे कामगार आणि त्यातून निघणारे फ्लुओराइडयुक्त सांडपाणी यांचा विचार आपण रसायनज्ञांनीच करायला हवा. दुसरी एक वाट आहे. हेच हट्टी ऑक्साइड कॉस्टिक पोटॅशबरोबर वितळवले, की पोटॅशियम हेक्साटँटॅलेट तयार होते आणि ते पाण्यात चांगले विरघळते. सोडियमचा क्षार मात्र फारसा विरघळत नाही. पोटॅशियमच्या द्रावणात आम्ल घातले, की सजल ऑक्साइड पुन्हा खाली येते. ही वाट हायड्रोफ्लुओरिक आम्लाला सर्वत्र पर्याय ठरेल, असा माझा दावा नाही. पण आपल्या महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांनी तिच्याकडे वळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यासाठी या अधिवेशनाने एक काम हाती घ्यावे. टँटॅलमच्या संयुगांचा मराठीतला विद्राव्यता-तक्ता तयार करावा, आणि त्यात प्रत्येक आकड्याशेजारी तापमान, आम्ल किंवा अल्कलीचे प्रमाण, सोबतचा धन आयन आणि अवक्षेप किती जुना आहे, हे नोंदवावे. मोजमापांची सुरुवात हेक्साटँटॅलेटांपासून करावी, असे मी सुचवतो.