आधी जागा, मग ठराव

(वार्षिक परिषदेच्या नियोजन बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



परिषदेचे विषय, वक्त्या, ठराव यांवर आपल्या तीन-तीन बैठका होतात. जागा मात्र शेवटी, घाईत, फोनवर ठरते. एका वर्षी असंच दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह घेतलं. कुबड्या घेऊन आलेली आपली एक कार्यकर्ती दिवसभर खालीच बसून राहिली. तिला ‘येऊ नकोस’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण आपण जिना मोजला नव्हता.

स्वायत्त स्त्री-गटांची राष्ट्रीय परिषद १९८० साली मुंबईत झाली. पुढे ती पाटणा (१९८८), कालिकत (१९९०), तिरुपती (१९९४), रांची (१९९७) अशी फिरत राहिली. जागा बदलली की येणाऱ्या बायका बदलतात आणि चर्चेतले प्रश्नही बदलतात.

तारखेचंही तसंच आहे. डिसेंबर शहरातल्या आपल्याला सोयीचा. पण बीडकडच्या ऊसतोड कामगार बायका दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मे महिन्यात लग्नसराई, जूनमध्ये पेरण्या. मग उरतं काय? माझी सूचना पितृपक्षाची आहे. गणपती उठलेले असतात, नवरात्र बसायचं असतं, ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावात असतात. त्या पंधरवड्यात लग्नं नसल्यामुळे कार्यालयं रिकामी असतात, भाड्यात घासाघीस करता येते. तो काळ अशुभ मानण्याचं आपल्याला तरी काही कारण नाही!

आता उलटं मोजू या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैत. त्याआधी गावोगावी पत्रं पोचायला हवीत. पेरणीच्या दिवसांत बैठकांना कुणी येत नाही. म्हणून जागेचा निर्णय मेअखेर व्हावा. मार्चमध्ये जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवू. एप्रिलमध्ये दोघीजणी प्रत्येक जागी एक रात्र मुक्काम करतील. संडास किती, रात्री पाणी येतं का, पाळणाघराला खोली आहे का, एस.टी. स्टँडपासून रस्त्यावर दिवे आहेत का, शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे सगळं लिहून आणतील. त्या दोघींपैकी एक तरी खेड्यातली असावी. मेमध्ये सगळ्यांसमोर निर्णय होईल आणि आगाऊ रक्कम भरून लेखी पावती घेऊ.

हे किरकोळ काम नाही. परिषदेत कोण बोलणार हे आपण व्यासपीठावर ठरवतो असं वाटतं. खरं तर ते बरंचसं जागा आणि तारीख ठरते तेव्हाच ठरून जातं. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपापल्या तालुक्यातल्या एका तरी जागेची माहिती घेऊन या.