सरकत्या काचांची न्हाणी घेताना
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



हल्ली बाथरूम नवी करावयाची म्हटली, की कोपऱ्यात सरकत्या काचांची न्हाणी बसविण्याची टूम निघते. पैसे आपल्या घरचे जायचे, तेव्हा दुकानात जाण्याआधी आपणच चार गोष्टी जाणून घ्याव्यात, म्हणून हा विषय घेतला.

ही न्हाणी हवी कशाला? शॉवरचे पाणी कोपऱ्यातच राहते, बाकीची फरशी कोरडी राहते आणि घसरण्याचे भय कमी होते. हा खरा लाभ, शोभा मागाहून. शिवाय सरकत्या दाराला उघडावयास पुढे जागा लागत नाही. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्या अंगाला अडते; सरकते दार बाहेरून बाजूला सारता येते.

आता माप. तयार न्हाणी बहुधा ८०० किंवा ९०० मिलिमीटर चौरस मिळते. ९०० म्हणजे जवळजवळ तीन फूट. पण दारे निम्मीच सरकतात, त्यामुळे कोपऱ्यातून शिरावयाची वाट दीड-पावणेदोन फूटच उरते. सासूबाईंना हाताला धरून न्यावे लागत असेल, स्टुलावर बसवून स्नान घालावे लागत असेल, तर या वाटेने दोघींना जाता येणार नाही. अशा घरी काचेचा हट्ट धरू नये. साधा पडदा लावावा आणि राहिलेल्या पैशांत भिंतीला पक्का दांडा बसवून घ्यावा. काचेच्या मुठीला धरून तोल सावरू नये, ती त्यासाठी नसते.

काच टफन्डच घ्यावी. ती फुटली तर लांब धारदार तुकडे न होता बारीक बोथट खडे होतात. आय. एस. २५५३ हा तिचा भारतीय मानक आहे. काचेवरील शिक्का पाहून घ्यावा. ही काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप फरशा बसल्यानंतरच घ्यावे, तेही खाली, मध्ये आणि वर. भिंत ओळंब्यात नसेल तर दार नीट मिटत नाही. बसविताना काचेची कड फरशीवर टेकवू देऊ नये. कडेला बसलेला मार तिला सोसत नाही.

जमिनीचा ढाळ आतल्या जाळीकडेच हवा. गवंड्यासमोर तांब्याभर पाणी ओतून पाहावे.

शेवटी निगा. खालच्या पट्टीत साबणाचा मळ साचतो, म्हणून खालून सोडवता येणारी दारे बघावीत. चाके स्टेनलेस स्टीलची आणि पुढे बदलून मिळतील अशी असावीत. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर धरतात. स्नान झाल्यावर ज्याने त्याने रबरी पट्टी फिरवावी, हे काम एकट्या गृहिणीवर टाकू नये!