लोणेऱ्याचे विद्यापीठ आणि आपली डोंगरकूस

(महाड येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



अशा संमेलनात वक्त्याने ज्ञातीच्या पूर्ववैभवाचे स्मरण करून द्यावे, असा प्रघात आहे. तो आज आम्ही पाळीत नाही. कारण गतवर्षी आपल्या शिष्यवृत्ती-समितीपुढे आलेला एक अर्ज आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. पोलादपूरकडील एका मुलीचा तो अर्ज होता. कोळंबीच्या टरफलांपासून निघणाऱ्या एका द्रव्यावर तिला संशोधन करावयाचे होते आणि रसायनांच्या खर्चासाठी अल्पसे साहाय्य हवे होते. समितीत हशा पिकला. पदवीसाठी पैसे देऊ, टरफलांसाठी कशाला, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले आणि अर्ज परत गेला. त्या हशात आम्हीही सामील होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे चौकशी केली तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली. कोळंबी व खेकडे यांच्या कवचात कायटिन नावाचे द्रव्य असते. कवच आम्लात ठेवले की त्यातील चुना निघून जातो, सौम्य क्षारात ठेवले की प्रथिने निघतात, आणि उरलेल्या भागावर तीव्र दाहक क्षाराची क्रिया केली म्हणजे कायटोसान हाती येते. त्याचा स्पंजासारखा सच्छिद्र साचा करावयाचा, त्यात जिवंत पेशी रुजवावयाच्या; पेशी वाढत जाव्यात आणि साचा विरत जावा, अशी ही विद्या. तिला ऊती-अभियांत्रिकी म्हणतात. १९९३ साली रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हॅकान्ती यांनी तिची रूपरेषा मांडली आणि जगभर तिचा विस्तार झाला. भाजलेली त्वचा, झिजलेली कूर्चा पुन्हा भरून यावी हा तिचा हेतू. आपण पडवळाला मांडव घालतो, तसलाच हा मांडव. वेल चढली की तो आपोआप नाहीसा होतो, एवढाच फरक. कोकणच्या किनाऱ्यावर जे आपण उकिरड्यावर टाकतो, त्यातून हे निघते. अशा अर्जावर आपण हसलो.

आता ज्या विद्यापीठाचे नाव आपल्या मुलांच्या तोंडी असते, त्याकडे वळू. माणगाव आणि महाड यांच्या दरम्यान, महामार्गालगत लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने स्थापन झाले. स्थापत्य, रसायन, पेट्रोरसायन, विद्युत, यंत्र, संगणक अशा शाखा तेथे आहेत. २०१४ च्या कायद्याने राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकारही त्यास मिळाला. आपण मात्र त्याच्याकडे नोकरीच्या दाखल्याचे कार्यालय म्हणूनच पाहतो.

त्या नावाचा महाडशी असलेला संबंध सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतर गावातील सवर्णांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करून घेतले, आणि खटला उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ च्या मार्चमध्ये निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. त्या शुद्धीच्या दिवशी आपली माणसे कोठे उभी होती, हा प्रश्न आपल्या एकाही स्मरणिकेने विचारलेला नाही. तो आम्ही आज विचारीत आहोत. उत्तर सुखावह नसणार, हे ठाऊक असूनही. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्याच पुरुषाने दामोदर खोऱ्याची योजना आणि देशाचे जलधोरण यांस हात घातला. स्पर्शाने पाणी विटाळत नाही हे त्यांनी तळ्यावर दाखविले. पाणी कशाने बिघडते, हे पाहण्याचे काम आता प्रयोगशाळेचे आहे.

आपली सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते. औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने तिच्याच खोऱ्यात आहेत. नदीचे आरोग्य पाहताना तिच्यात विरघळलेला प्राणवायू मोजतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम असतो; तो फार खाली गेला की मासे गुदमरतात. परंतु बाटलीत भरून नेलेले पाणी त्या एका घटकेचीच साक्ष देते. पहाटेची नदी निराळी, दुपारची निराळी, भरतीची आणखी निराळी. म्हणून अखंड मापन हवे.

आणि डोंगर! २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून दोनशेच्या घरात माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक जीव गाडले गेले. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे व साखर सुतारवाडी येथे प्राणहानी झाली. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. एका गुंठ्यावर म्हणजे साठ हजार लिटर पाणी. त्यातच आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. भरतीचा जोर महाडपर्यंत पोचतो, तेव्हा पुराने ओसरावे तरी कोठे?

दरड ही दैवगती, असे म्हणून आपण दिवस घालतो आणि स्वस्थ बसतो. वस्तुतः तिची क्रिया समजण्याजोगी आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर कुजलेल्या खडकाचे व मातीचे पांघरूण असते. पाणी त्यात मुरते, खालच्या अभंग खडकाशी अडते, आणि कणांमधील पोकळ्यांत साचून त्यांना परस्परांपासून रेटू लागते. कणांची पकड सुटली की पांघरूण घसरते. पडण्यापूर्वी कित्येकदा माथ्यावर भेगा पडतात, झरे गढूळ होतात, झाडे कलतात. किती तासांत किती पाऊस झाला म्हणजे अमुक उतार धोक्याचा, हे गणित मांडता येते. मात्र त्यासाठी त्याच उतारावरच्या पावसाचे आकडे लागतात. महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे बसली, ते उत्तम झाले. पण एकेका मंडळात किती वाड्या, आणि डोंगराच्या या कुशीचा पाऊस त्या कुशीत कोठे असतो!

आमची सूचना दोन कलमांची आहे. संस्थेच्या सभागृहाच्या रंगकामासाठी ठेवलेली रक्कम यंदा संशोधन करणाऱ्या मुलामुलींसाठी वळवावी, आणि परत गेलेला तो अर्ज क्षमा मागून पुन्हा मागवावा. दुसरे असे की, आपली वस्ती असलेल्या डोंगराकडच्या प्रत्येक वाडीत साधा पर्जन्यमापक बसवावा. त्याच्या पाण्यावर सबंध वाडीचा हक्क, म्हणून वहीवरही सबंध वाडीचा. नोंद घेणारा कोणत्या ज्ञातीचा, हे पाहू नये. रोज सकाळी साडेआठ वाजता आकडा टिपावा आणि महिनाअखेरीस नक्कल लोणेऱ्यास पाठवावी. अतिवृष्टीत मात्र दर तीन तासांनी मोजावे; तेव्हा साडेआठची वाट पाहू नये.

सहा वह्या आम्ही रेघा आखून आणल्या आहेत. त्या व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्या वाड्यांना हव्या असतील त्यांनी भोजनास बसण्यापूर्वी नावे नोंदवावीत.