हातघाईची वेळ

श्रोतेहो, १० नोव्हेंबर १६५९ चा तो प्रसंग तुम्हांला पाठ आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने मिठी मारली आणि कट्यार चालवली. आपल्याला वाघनखे तेवढी आठवतात. पण बखरी सांगतात की, पहिला वार झेलला तो अंगरख्याखालच्या चिलखताने. महाराज तयारीने गेले होते.

तुमच्या-आमच्या अंगात कुठलं आलंय चिलखत! परवा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, कुणी सुरा काढला तर त्याचा हात कसा पिरगाळायचा?’ मी म्हटलं, ‘बाबा रे, आधी पळायला शीक.’ वर्ग हसला. पण हातभर अंतरावरचा सुरा नीट दिसेपर्यंत वार होऊनही गेलेला असतो. पाकीट मागितले, देऊन टाका. वाट दिसली की पळा, ओरडा. वाटच नसेल तर पिशवी, छत्री, खुर्ची, हाताला येईल ते मध्ये धरा. मान आणि पोट सांभाळा. अगदी अंगाशीच आला, तर सुऱ्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरा, सुटायची संधी साधा. सुरा रुतलाच तर उपसू नका. भोवती कापड दाबून धरा आणि ११२ ला फोन करा.

पळून घरी आलेल्या मुलाला भित्रा म्हणावे काय? त्याच्या आईला विचारून पाहा.