प्रश्न कोणी विचारायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



सामान्य नागरिकांनी निरीक्षणे नोंदवावीत आणि शास्त्रज्ञांनी त्यांतून निष्कर्ष काढावेत, या पद्धतीस आता ‘नागरिक-विज्ञान’ हे नाव रुळले आहे. तिचे सामर्थ्य पक्ष्यांच्या बाबतीत सिद्ध झाले आहे. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा परामर्श त्यात घेता आला. एवढे काम पगारी संशोधकांकडून करवून घेणे कोणत्याही सरकारला परवडले नसते.

परंतु पक्षी पाहण्यास फुरसत लागते, बहुधा दुर्बीणही लागते. पक्षिनिरीक्षकांविषयी माझी तक्रार नाही. ते काम मोलाचेच आहे. मात्र खडी फोडणाऱ्या मजुराच्या छातीत जाणारी धूळ, वस्तीच्या नळाचे पाणी यांच्या नोंदी त्या मानाने कितीशा झाल्या?

त्या होऊ शकतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी मुक्तिसंघर्ष चळवळीत लोकविज्ञानाच्या कार्यकर्त्यांसह पाऊसमान, पीकपद्धती आणि येरळेतील वाळूचा उपसा यांचा अभ्यास केला. पुढे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले आणि पाणीवाटपात भूमिहीनांचाही हक्क मानला गेला. तेथे प्रश्न गावाचा होता. तज्ज्ञ मदतीस आले होते. हा क्रम उलटला की नागरिक-विज्ञान म्हणजे विनावेतन नोंदणी-कारकुनी होते, आणि शोधनिबंधावर नाव प्राध्यापकाचे लागते.

हॉलंडमधील विद्यापीठांनी १९७० च्या दशकात ‘विज्ञान-दुकाने’ काढली. कामगार संघटनेने अथवा वस्तीने प्रश्न आणावा, विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली त्याचा शोध घ्यावा, अशी ती योजना. पुढे पैसा आटताच त्यांतील अनेक बंद पडली. तेव्हा अशा कामाची तरतूद विद्यापीठाच्या नित्य अंदाजपत्रकातच हवी.

पण देशव्यापी जाळे कशासाठी? एकट्या महाविद्यालयाने केलेले पाण्याचे परीक्षण कारखानदाराचा वकील पाच मिनिटांत मोडीत काढील. मोजमापाची एकच रीत, उपकरणांची नियमित पडताळणी, दुसऱ्या विद्यापीठाकडून फेरतपासणी, एवढे असेल तरच ती नोंद पुरावा म्हणून टिकेल. शिवाय अध्यापकाची बदली झाली म्हणून दहा वर्षांच्या नोंदी कपाटात कुजणार नाहीत. सांगाडा तयारच आहे. १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आज देशभर पसरली आहे. तिच्या शिबिरांत झाडलोट आणि वृक्षारोपण यांपलीकडे फारसे काही घडत नाही, एवढेच.

आपले काही साथी पदवीधर मतदारसंघातून अधिसभेवर निवडून जातात. त्यांनी येत्या अंदाजपत्रकी बैठकीत तीन गोष्टींची मागणी करावी: गावाचा प्रश्न स्वीकारणारा कक्ष, त्यासाठी कायम पदावरचा एक अध्यापक, आणि प्रत्येक नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात. पहिल्या दोन गोष्टींना पैसे नाहीत असे उत्तर मिळेल. तिसरीला पैसे लागत नाहीत. तिला विरोध कोण करतो, तेही सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.