जागतिक बँकेत आपलं मत कोण देतं?

(युवा शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'जगाचं राजकारण'. मागे बसलेली पोरं हसली. पण मणिबेलीत पोलीस आले, ते जगाचंच राजकारण होतं.

युनोच्या आमसभेत एका देशाला एक मत. जागतिक बँकेत तसं नाही. ज्याचे पैसे जास्त, त्याची मतं जास्त. 1944 साली अमेरिकेत ब्रेटन वूड्सला ही बँक ठरली, तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. अध्यक्ष आजवर दरवेळी अमेरिकनच. गावच्या सोसायटीत सावकाराला शंभर मतं आन् कुळाला एक, असं आपण चालू देऊ का? तिथं चालतं.

याच बँकेनं 1985 साली सरदार सरोवराला 45 कोटी डॉलर कर्ज दिलं. अक्कलकुवा-अक्राणीची 33 गावं बुडणार होती, त्यांना कुणी विचारलं नाही. लोक लढले म्हणून बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. जून 1992 मध्ये तिचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 107 नंबरचा करार आहे. आदिवासी परंपरेनं ज्या जमिनीवर राहतात, तिच्यावर त्यांची मालकी मानावी, असं त्यात लिहिलंय. भारत सरकारनं तो 1958 सालीच मान्य केलाय. म्हणजे जिनिव्हात आपण मालक, आन् तलाठ्याच्या दप्तरात अतिक्रमणदार!

आता काही जण म्हणतात, बँकच आपल्याला वाचवील. अहवाल हातात असून ऑक्टोबरात बँकेनं कर्ज चालूच ठेवलं होतं, हे विसरू नका. मार्च 1993 ला सरकारच म्हणालं, उरलेलं कर्ज नको, धरण आमच्या पैशानं बांधू. ऐकायला बरं वाटतं. पण 2013 पर्यंत जमीन घ्यायचा कायदा कुठला होता? 1894 चा. जंगलाचा? 1927 चा. दोन्ही इंग्रजांचे. बाहेर परदेशी दडपणाविरुद्ध बोलायचं आन् आत त्यांचाच कायदा आपल्यावर चालवायचा, हे सरकारला कसं जमतं?

1989 साली नवा, 169 नंबरचा करार झालाय. तो भारतानं मान्य केलेला नाही. का नाही, ते आमदार-खासदारांना जाहीर सभेत विचारायचं.

आन् गावी गेल्यावर म्हाताऱ्यांजवळ बसा. कोणतं शेत कुणाच्या आज्यानं काढलं, हद्द कुठल्या झाडापर्यंत, सगळं वहीत लिहून आणा. पुढच्या बैठकीत त्या वह्या लागतील.